अवयवदान : फॉर्म भरला, पुढे काय?

अवयवदान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? कॉलेजच्या फेस्टमधला एखादा स्टॉल, ‘अवयवदान श्रेष्ठदान’ असं पोस्टर, आणि एक फॉर्म. फॉर्म भरला, कार्ड मिळालं, मित्रांबरोबर फोटो काढला, झालं! आपल्याला वाटतं, आपण दाते झालो. पण मित्रांनो, त्या कार्डापासून एखाद्या रुग्णाच्या शरीरात बसवलेल्या मूत्रपिंडापर्यंतचा रस्ता फार लांब आहे. त्या रस्त्यावर नेमकं कुठे अडतं, हे समजून घेण्यासाठी हा लेख.

आधी आकडे बघू. २०२३ साली भारतात अवयव प्रत्यारोपणाच्या १८,३७८ शस्त्रक्रिया झाल्या. आकडा मोठा वाटतो ना? पण मृत्यूनंतर अवयव देणारे दाते त्या वर्षी फक्त १,०९९ होते. १४० कोटींच्या देशात! बाकीचे बहुतेक अवयव जिवंत माणसांनी दिलेले, म्हणजे आईने मुलाला दिलेलं मूत्रपिंड किंवा बायकोने नवऱ्याला दिलेला यकृताचा तुकडा. (देणाऱ्यांमध्ये बायकाच जास्त असतात, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.) जगभर हा हिशेब ‘दर दहा लाख लोकसंख्येमागे मृत दाते किती’ असा मोजतात. आपला आकडा १ पेक्षाही कमी आहे. स्पेनचा आकडा २०२४ साली ५२.६ होता. आणि स्पेन म्हणजे काही अवाढव्य देश नाही, त्याची लोकसंख्या महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही कमी आहे.

मग आपण कंजूष आहोत का? मला तसं वाटत नाही. ज्या देशात दधीची ऋषींनी देवांना आपली हाडं दिल्याची गोष्ट लहान मुलांना सांगतात, तिथे दानाची कल्पना नवीन नाही. कमी आहे ती इच्छेला कामाला लावणारी यंत्रणा.

अवयव नेमके कोणाचे घेता येतात?

इथेच बहुतेकांचा गैरसमज असतो. घरी झोपेत वारलेल्या माणसाचे डोळे आणि त्वचा साधारण सहा तासांच्या आत घेता येतात. पण हृदय, यकृत, फुफ्फुसं, मूत्रपिंडं यांना शेवटपर्यंत रक्तपुरवठा लागतो. म्हणून आपल्याकडे हे अवयव जवळजवळ नेहमीच मेंदूमृत व्यक्तीकडून मिळतात.

मेंदूमृत म्हणजे काय? आपल्या मेंदूच्या खालच्या बाजूला, मणक्याला जोडणारा एक भाग असतो, त्याला मेंदूस्तंभ किंवा ब्रेनस्टेम म्हणतात. श्वास घ्यायचा आदेश तिथून निघतो, जागं राहणं तिथून चालतं. डोक्याला जबर मार बसला किंवा मेंदूत मोठा रक्तस्राव झाला तर कवटीच्या आत दाब वाढतो आणि मेंदूचा रक्तपुरवठा बंद पडतो. ब्रेनस्टेम मेला की माणूस स्वतःहून परत कधीच श्वास घेऊ शकत नाही. पण हृदयाचं तसं नाही. हृदयाला स्वतःचा पेसमेकर असतो, त्याला ठोका द्यायला मेंदू लागत नाही, फक्त ऑक्सिजन लागतो. तो व्हेंटिलेटर देत असतो. त्यामुळे माणूस गेलेला असतो आणि मॉनिटरवर ठोके दिसत असतात. हात लावला तर अंग गरम लागतं.

आमच्या आजीला मी हे समजावून सांगत होते, तेव्हा ती म्हणाली, “अगं, छाती हलतेय म्हणजे जीव आहे ना? मग तोडायचं कसं?” तिचा प्रश्न अडाणीपणाचा नाही. आयसीयूच्या बाहेर बसलेल्या प्रत्येक घराचा तोच प्रश्न असतो. म्हणून कोमा आणि मेंदूमृत्यू यातला फरक नीट कळायला हवा. कोमातल्या माणसाचा मेंदू जिवंत असतो, तो शुद्धीवर येऊ शकतो. मेंदूमृत माणूस परत येत नाही. तो कायद्यानेही मृतच असतो.

आणि हे कोणी एका डॉक्टरने मनात आलं म्हणून ठरवायचं नसतं. कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांचं पॅनल लागतं. त्यात रुग्णालयाचे प्रमुख, उपचार करणारे डॉक्टर, मेंदूविकारतज्ज्ञ किंवा न्यूरोसर्जन (ते नसतील तर कायद्याने ठरवलेले दुसरे तज्ज्ञ) आणि मान्यताप्राप्त यादीतला एक स्वतंत्र डॉक्टर असतात. प्रत्यारोपण करणाऱ्या टीमचा कोणीही त्यात नसतो. चाचण्या दोनदा होतात, मध्ये किमान सहा तासांचं अंतर. बाहुल्या प्रकाशाला प्रतिसाद देतात का, बुबुळाला स्पर्श केल्यावर पापणी मिटते का, कानात थंड पाणी सोडल्यावर डोळे हलतात का, घशात नळी हलवल्यावर खोकला येतो का, हे तपासतात. सर्वांत महत्त्वाची ॲप्निया टेस्ट. ऑक्सिजन चालू ठेवून व्हेंटिलेटर काढतात, रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढू देतात आणि शरीर एकदा तरी श्वास घ्यायचा प्रयत्न करतं का ते पाहतात. झोपेच्या औषधांचा परिणाम किंवा शरीराचं घसरलेलं तापमान ही कारणं नाहीत, याची खात्री आधीच करावी लागते.

साखळीचा हिशेब

आता थोडं आपल्या विषयाकडे येऊ. रिलायबिलिटीमध्ये आपण सिरीज सिस्टिम शिकतो. पाच भाग एकामागे एक जोडले असतील तर पूर्ण सिस्टिमची विश्वासार्हता म्हणजे पाचही भागांच्या विश्वासार्हतेचा गुणाकार. अवयवदान ही अगदी तशीच सिरीज सिस्टिम आहे. तिच्या पाच कड्या अशा :

१. ओळख : आयसीयूतल्या डॉक्टरला वेळेवर शंका यायला हवी की हा रुग्ण मेंदूमृत झाला असावा.
२. घोषणा : पॅनल बोलावून दोन्ही चाचण्या करून तसं प्रमाणपत्र द्यायला हवं.
३. संमती : कुटुंबाला नीट विचारलं जायला हवं आणि त्यांनी होकार द्यायला हवा.
४. सांभाळ : शस्त्रक्रियेपर्यंत रक्तदाब, तापमान, क्षार टिकवून अवयव चांगले ठेवायला हवेत.
५. वाटप आणि वाहतूक : योग्य रुग्ण शोधून अवयव वेळेत पोचायला हवा.

शेवटच्या कडीत वेळ फार थोडा असतो. शरीराबाहेर काढल्यावर हृदय आणि फुफ्फुसं साधारण चार ते सहा तास टिकतात, यकृत बारा तासांच्या आसपास, मूत्रपिंडं चोवीस तास किंवा थोडी जास्त.

फक्त उदाहरणासाठी काही संख्या धरू. प्रत्येक कडी ८० टक्के चांगली चालते असं समजा. ०.८ चा पाच वेळा गुणाकार केला तर उत्तर ०.३३ येतं. म्हणजे सगळं ‘फर्स्ट क्लास विथ डिस्टिंक्शन’ असूनही १०० संभाव्य दात्यांपैकी फक्त ३३ जणांचं दान पूर्ण होतं! आता पहिली कडी कमजोर आहे असं धरा, तिची किंमत ०.२. बाकी चार ०.८. उत्तर येतं ०.०८, म्हणजे १०० पैकी ८.

या ८ चे जास्त कसे करायचे? पोस्टर लावून, भाषणं करून आपण संमतीची कडी ०.८ वरून ०.९५ वर नेली असं समजू. ८ चे होतील साधारण १०. पण ओळखीची कडी ०.२ वरून ०.५ वर नेली तर? ८ चे २० होतील. गुणाकारच तसा आहे! सगळ्यात कच्ची कडी आधी दुरुस्त करायची असते. आणि आपण बहुतेक वेळा पोस्टर लावत असतो.

ज्या देशांनी आपल्या यंत्रणा खरोखर टिकाऊ केल्या, त्यांनी हाच हिशेब केला.

स्पेनने काय केलं?

१९८९ मध्ये स्पेनचा आकडा दर दहा लाखांमागे १४.३ होता. त्या वर्षी त्यांनी राष्ट्रीय प्रत्यारोपण संघटना उभारली. डॉ. राफाएल मातेसान्झ तिचे पहिले प्रमुख. दहा वर्षांत आकडा ३३ च्या पुढे गेला.

अनेक जण म्हणतात, स्पेनमध्ये ‘नकार दिला नसेल तर संमती समजायची’ असा कायदा आहे, म्हणून हे झालं. पण तो कायदा १९७९ चा! तो येऊन दहा वर्षं झाली तरी आकडा वाढला नव्हता. आणि आजही तिथे कुटुंबाला विचारल्याशिवाय पुढे जात नाहीत. मग बदललं काय? त्यांनी रुग्णालया-रुग्णालयात एक ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर, म्हणजे समन्वयक नेमला. तो बहुतेक वेळा आयसीयूचाच डॉक्टर असतो आणि आपलं नेहमीचं काम सांभाळून हे काम करतो. आयसीयूत कोण दाता होऊ शकतो हे बाहेरच्या माणसाला कळणारच नाही, म्हणून आतलाच माणूस. त्याला ट्रेनिंग दिलं. दुःखात असलेल्या कुटुंबाशी कसं बोलायचं याचंसुद्धा ट्रेनिंग. रुग्णालयाला या कामाचे पैसे मिळतील अशी सोय केली. आणि आयसीयूत झालेल्या मृत्यूंचं नियमित ऑडिट सुरू केलं : कोण दाता होऊ शकला असता आणि का झाला नाही?

ब्रिटनमध्येही असंच दिसतं. २००८ मध्ये तिथल्या टास्क फोर्सने प्रशिक्षित नर्स-समन्वयक आणि रुग्णालयांची जबाबदारी यावर भर दिला. पाच वर्षांत दाते ५० टक्क्यांनी वाढले. संमतीचा कायदा वेल्समध्ये २०१५ ला आणि इंग्लंडमध्ये २०२० ला बदलला, म्हणजे ही वाढ होऊन गेल्यानंतर.

उलटं उदाहरण ब्राझीलचं. त्यांनी १९९७ मध्ये ‘प्रत्येक जण दाताच समजावा’ असा कायदा केला. लोक घाबरले. गरिबांना वाटलं की आपल्याला नीट उपचार न देता आपले अवयव काढून घेतील. १९९८ मध्येच ती तरतूद मागे घ्यावी लागली. लोकांचा विश्वास नसेल तर कायद्याचा कागद उपयोगी पडत नाही.

विश्वास मोडायला किती वेळ लागतो?

फार नाही! १९६८ मध्ये जपानमध्ये साप्पोरोला डॉ. जुरो वाडा यांनी देशातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं. दाता खरोखर मेंदूमृत होता का, रुग्णाला त्या शस्त्रक्रियेची गरज होती का, असे प्रश्न उठले आणि चौकशी झाली. त्यानंतर मेंदूमृत दात्याकडून अवयव घ्यायला परवानगी देणारा कायदा यायला तिथे १९९७ उजाडलं. जवळजवळ तीस वर्षं! तंत्रज्ञानात जगाच्या पुढे असलेला देश या बाबतीत मागे राहिला.

जर्मनीत २०१२ मध्ये उघड झालं की काही डॉक्टरांनी यकृताच्या वेटिंग लिस्टमध्ये आपल्या रुग्णांचा नंबर वर आणायला माहितीत फेरफार केली होती. २०११ मध्ये तिथे १,२०० दाते होते, २०१३ मध्ये ८७६ झाले.

आपल्याच देशात केरळ बघा. २०१२ मध्ये राज्य सरकारने ‘मृतसंजीवनी’ हा कार्यक्रम सुरू केला. २०१६ मध्ये ७२ दाते झाले. मग मेंदूमृत्यूच्या घोषणेवर शंका घेतल्या गेल्या, आरोप झाले, डॉक्टरही घोषणा करायला कचरू लागले. २०१७ मध्ये १८ आणि २०१८ मध्ये फक्त ८.

म्हणूनच चार डॉक्टरांचं पॅनल, सहा तासांचं अंतर, सही केलेलं प्रमाणपत्र, कॉम्प्युटरवरची एकच वेटिंग लिस्ट हे सगळं आवश्यक आहे. हे नियम आजीच्या त्या प्रश्नाला दिलेलं उत्तर आहेत.

आपला महाराष्ट्र

आपला इतिहास मोठा आहे. १९६८ मध्येच मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी हृदय प्रत्यारोपण केलं होतं. जगात हे ऑपरेशन सुरू होऊन तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते! रुग्ण काही तासच जगला. पुढे १९८० च्या दशकात भारतात, आणि मुंबईतही, गरिबांची मूत्रपिंडं विकत घेण्याचा बाजार फोफावला. त्याला आळा घालायला आणि मेंदूमृत्यूला कायदेशीर मान्यता द्यायला १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा आला. आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने प्रत्येक राज्याला तो स्वीकारावा लागतो. महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेश ही सुरुवातीची राज्यं.

२००० साली मुंबईत विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र, म्हणजे झेडटीसीसी, सुरू झालं. आज राज्यात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी चार केंद्रं आहेत. वेटिंग लिस्ट त्यांच्याकडे असते. अवयव कोणाला द्यायचा हे रक्तगट, प्रतीक्षेचा काळ, आजाराची गंभीरता अशा निकषांवर ठरतं. दात्याच्या घरच्यांना ‘अमुकालाच द्या’ असं सांगता येत नाही आणि कोणाला पैसे देऊन नंबर पुढे आणता येत नाही. विभागात योग्य रुग्ण नसेल तर अवयव दुसऱ्या विभागाकडे, मग दुसऱ्या राज्याकडे जातो. त्यासाठी केईएममध्ये रोटो-सोटो ही प्रादेशिक संस्था आणि दिल्लीत नोटो ही राष्ट्रीय संस्था आहे.

२०११ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. रुग्णालय स्वतः प्रत्यारोपण करत नसलं तरी त्याला अवयव काढण्याचं केंद्र म्हणून नोंदणी करता येऊ लागली. अशा केंद्रांना एनटीओआरसी म्हणतात. आयसीयू आणि ऑपरेशन थिएटर असलं की पुरे. टीम बाहेरून येते. महाराष्ट्राने हे लवकर उचललं.

ऑगस्ट २०१५ मध्ये पुण्याच्या जहांगीर रुग्णालयातून निघालेलं हृदय ग्रीन कॉरिडॉरने आणि विमानाने मुलुंडच्या फोर्टिस रुग्णालयात पोचलं आणि डॉ. अन्वय मुळे यांच्या टीमने प्रत्यारोपण केलं. डॉ. सेन यांच्यानंतर ४७ वर्षांनी! सगळ्या पेपरांत ग्रीन कॉरिडॉरचे फोटो आले. त्या गाडीच्या आधी एका आयसीयूत कोणीतरी वेळेवर ओळखलं, कोणीतरी घरच्यांना विचारलं, आणि घरच्यांनी हो म्हटलं. त्याचा फोटो निघत नाही.

मुंबई विभागात २०१९ मध्ये ७९ मृत दाते झाले. करोनाच्या २०२० मध्ये ३०. एका साथीने आकडा निम्म्याच्या खाली आला. टिकाऊ यंत्रणा कशाला म्हणायचं, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे.

दुसऱ्या राज्याचं उदाहरण घ्यायचं तर तमिळनाडूचं घ्यावं. २००८ मध्ये तिथल्या सरकारने स्पष्ट आदेश काढून कार्यक्रम सुरू केला आणि सरकारी रुग्णालयांना त्यात पहिल्यापासून सामील केलं. त्याच वर्षी चेन्नईजवळच्या एका डॉक्टर दांपत्याने अपघातात गेलेल्या आपल्या किशोरवयीन मुलाचे अवयव दिले आणि राज्यभर त्याची चर्चा झाली. भावनेची लाट इतर ठिकाणीही येते आणि ओसरते. तमिळनाडूत लाट आली तेव्हा यंत्रणा तयार होती. २०२४ मध्ये तिथे २६८ दाते झाले.

आणि मीरा-भाईंदर?

आपलं शहर ठाणे जिल्ह्यात, पण अवयवदानासाठी मुंबई विभागात येतं. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ८ लाखांच्या वर होती, आज ती नक्कीच जास्त आहे. स्पेनच्या दराने ८ लाख लोकांमागे वर्षाला ४२ दाते होतील. ही तुलना तंतोतंत बरोबर नाही, कारण तिथे वयस्क लोक जास्त आहेत आणि हृदय थांबल्यानंतरचं दानही मोठ्या प्रमाणात होतं. पण त्याच्या एक दशांश धरले तरी वर्षाला चार. चार दाते म्हणजे आठ मूत्रपिंडं, चार यकृतं, जमलं तर हृदय आणि फुफ्फुसंही.

आठ मूत्रपिंडं म्हणजे काय, ते आमच्या सोसायटीतल्या एका काकांकडे बघून मला कळतं. आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास डायलिसिस. काकू त्यांच्याबरोबर रिक्षाने जातात. पाणीसुद्धा ते मोजून पितात. उन्हाळ्यात घसा कोरडा पडला की बर्फाचा खडा चघळतात. घरात कोणाचं मूत्रपिंड जुळलं नाही. नाव वेटिंग लिस्टवर आहे. फोन वाजला की काकू धावत येतात, आणि पलीकडून कोणीतरी क्रेडिट कार्ड विकत असतं!

आपल्या शहरात काय नाही? हायवे आहे, घोडबंदर रोड आहे, रेल्वे रूळ आहेत, त्यामुळे डोक्याला मार लागलेले रुग्ण दुर्दैवाने आहेतच. वाढतं ब्लडप्रेशर आणि त्यातून होणारे मेंदूतले रक्तस्राव आहेत. मोठी खाजगी रुग्णालयं आहेत. मीरा रोडच्या वोक्हार्ट रुग्णालयातून अवयवदान झालेलंही आहे. भाईंदरला सरकारी पंडित भीमसेन जोशी रुग्णालय आहे. आपल्याला इथे हृदय प्रत्यारोपणाचं सेंटर उभारायची गरज नाही. गरज आहे ती आयसीयू असलेल्या प्रत्येक रुग्णालयाने एनटीओआरसी म्हणून नोंदणी करण्याची आणि कागदावरच्या नोंदणीनंतर प्रत्यक्ष काम होण्याची.

त्यासाठी मला तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, प्रत्येक आयसीयूत जबाबदार असा एक प्रशिक्षित माणूस. लहान रुग्णालयांना वेगळा समन्वयक परवडत नसेल तर तीन-चार रुग्णालयांत मिळून एक. दुसरी, दर महिन्याला ऑडिट : व्हेंटिलेटरवर किती जण गेले, किती जणांच्या मेंदूमृत्यूच्या चाचण्या झाल्या, किती कुटुंबांना विचारलं. तिसरी, भाषा. आपल्या शहरात भाईंदर पश्चिमेला गुजराती-मारवाडी जैन कुटुंबं आहेत, नया नगरमध्ये मुस्लिम वस्ती आहे, उत्तनला ख्रिस्ती कोळी आहेत, आणि मराठी, उत्तर भारतीय, दक्षिण भारतीय सगळीकडे. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झाल्याने मला ‘ब्रेन डेड’ शब्द माहीत होता, ‘मेंदूमृत’ नव्हता. आजीचं उलट. तिने ‘ब्रेन डेड’चा अर्थ ‘बेशुद्ध’ असा घेतला होता. ज्या भाषेत माणूस रडतो त्याच भाषेत त्याला हे समजावून सांगायला हवं. धर्माचा प्रश्नही येतो. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००० मध्ये रोमच्या प्रत्यारोपण परिषदेत अवयवदानाला पाठिंबा दिला होता. जैन समाजात नेत्रदानाची परंपरा आहे. इस्लामी देशांच्या फिक्ह अकादमीने १९८० च्या दशकात मेंदूमृत्यू आणि अवयवदान काही अटींवर मान्य केलं, तरी सगळ्या विद्वानांचं एकमत नाही. समन्वयकाला हे माहीत हवं आणि कोणावरही जबरदस्ती होता कामा नये.

अजून एक गोष्ट बोलायलाच हवी, पैशाची. संमती दिल्यानंतर दात्याला सांभाळण्याचा आणि अवयव काढण्याचा खर्च दात्याच्या कुटुंबाकडून घ्यायचा नाही, असं नियम सांगतात. हे चांगलं आहे. पण खाजगी रुग्णालयात यकृत बसवायला लाखो रुपये लागतात आणि नंतर औषधं जन्मभर. सामान्य घरांनी फक्त द्यायचं आणि घेणारा नेहमी पैसेवाला असेल, तर लोक किती दिवस देतील? केईएमसारख्या सरकारी-पालिका रुग्णालयांतली प्रत्यारोपणं वाढणं आणि महात्मा जोतिराव फुले योजनेसारखी मदत खरोखर पोचणं हा या यंत्रणेच्या टिकाऊपणाचाच भाग आहे.

आपण इंजिनीअर काय करू शकतो?

वाटतं तेवढं कमी नाही! अमेरिकेत मरणासन्न रुग्णाची माहिती अवयव संस्थेला कळवणं रुग्णालयांना १९९८ पासून बंधनकारक आहे. शुद्धीची पातळी ३ ते १५ गुणांत मोजणारी ग्लासगो कोमा स्केल प्रत्येक आयसीयूत वापरतात. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचे गुण एका मर्यादेखाली गेले की समन्वयकाला आपोआप मेसेज जाईल, असं सॉफ्टवेअर बनवणं आपल्यासाठी फायनल इयर प्रोजेक्टएवढंच काम आहे. पहिल्या कडीची ०.२ वाढवायची ती अशीच. अवयव नेणाऱ्या पेटीचं तापमान नोंदवणारा सेन्सर, ग्रीन कॉरिडॉरसाठी सिग्नलचं नियोजन, ऑडिटचा डॅशबोर्ड... विषय भरपूर आहेत. फक्त एक लक्षात ठेवायचं. मशीन सावध करेल, पण घरच्यांना विचारायला माणूसच लागेल.

आणि फॉर्म? तो जरूर भरा. २०२३ पासून नोटोच्या वेबसाइटवर आधार क्रमांकाने प्रतिज्ञा नोंदवता येते. पण आपल्याकडे शेवटचा शब्द जवळच्या नातेवाइकांचा असतो. आयसीयूच्या बाहेर ती वेळ आली तर तुमचं कार्ड पाकिटात असेल आणि उत्तर आईबाबांना द्यायचं असेल. त्यांना तुमची इच्छा आधीच माहीत असेल तर त्यांच्यावरचं अर्धं ओझं कमी होईल. त्यांची इच्छाही विचारून ठेवा. “कशाला अभद्र बोलतेस!” असं एकदा ऐकावं लागेल. ऐकून घ्या, आणि तरीही सांगा.

(तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन)